जाळ्यातले १५३ मोठे मासे

मासळी बाजारात मांदेली, करंदी, जवळा यांचे वाटे लावलेले असतात. एका वाट्यात मांदेल्या किती, हे कोळीण मोजत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. हाताच्या अंदाजाने ढीग लागतो, घासाघीस झाली की वर आणखी चार पडतात. शेजारच्या पाटीत सुरमई किंवा रावस असला की मात्र भाषा बदलते. तिथे एक नग, दोन नग असा हिशेब सुरू होतो. लहान मासा ढिगात जातो, मोठा मासा मोजला जातो.

मला लिहायचं आहे योहानाच्या शुभवर्तमानातल्या एका आकड्याविषयी, आणि सुरुवात बाजारापासून केली ती मुद्दाम. गेली सोळाशे वर्षं मोठमोठ्या विद्वानांनी या आकड्यामागे आपली बुद्धी पणाला लावली आहे. पण तो आकडा ज्या वाक्यात बसला आहे ते वाक्य माशांविषयीचं आहे, ही साधी गोष्ट त्या गर्दीत मागे पडली असं मला वाटतं.

प्रसंग योहानाच्या एकविसाव्या म्हणजे शेवटच्या अध्यायातला. येशूला क्रूसावर देऊन काही दिवस लोटलेत. तो पुन्हा उठला आहे, यरुशलेमात शिष्यांना भेटलाही आहे, पण आता पुढे काय, हे कोणालाच उमगलेलं नाही. सात जण गालीलला, आपल्या मुलखात परतलेत: शिमोन पेत्र, थोमा, नथनेल, जब्दीचे दोन मुलगे आणि नावं न सांगितलेले आणखी दोघं. पेत्र मासे धरायला निघतो, बाकीचेही त्याच्यामागे होडीत चढतात. रात्रभर जाळं टाकून एक मासा हाती लागत नाही. उजाडताना काठावर कोणीतरी उभं असतं. तो विचारपूस करतो आणि जाळं होडीच्या उजव्या अंगाला टाकायला सांगतो. टाकतात, तर जाळं वर ओढवेना इतकं भरतं. काठावरचा माणूस कोण, हे येशूच्या लाडक्या शिष्याला आधी कळतं. पेत्र कामासाठी उघडाच होता. तो झगा अंगाभोवती बांधून सरळ पाण्यात उडी घेतो. बाकीचे जाळं फरफटत होडीने मागून येतात. काठावर कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी ठेवलेली, शेजारी भाकर. येशू सांगतो, आत्ता धरलेल्यातले थोडे आणा. पेत्र होडीवर चढतो आणि जाळं काठावर ओढून आणतो. इथे योहान सांगतो की जाळं मोठ्या माशांनी भरलेलं होतं, १५३ माशांनी. आणि इतके असूनही ते फाटलं नाही.

दीडशे नव्हे, शंभरावर नव्हे, नेमके १५३. मग सगळे न्याहारीला बसतात आणि त्या आकड्याचा पुन्हा उल्लेखही होत नाही.

योहानाला आकड्यांची आवड आहे. कानाच्या लग्नातले रांजण सहा. बेथेसदा तळ्याला पडव्या पाच. तिथला आजारी माणूस ३८ वर्षं पडून. मंदिर बांधायला ४६ वर्षं. पण त्याची एक लकब ग्रीक मजकुरात स्पष्ट दिसते. जिथे त्याला आकडा नक्की ठाऊक नसतो तिथे तो आधी ‘होस’ हा शब्द टाकतो, म्हणजे आपला ‘सुमारे’. भाकरी खाणारे पुरुष सुमारे पाच हजार. वादळात होडी गेली ती सुमारे पंचवीस-तीस स्तादिया. निकदेमाने येशूच्या देहासाठी आणलेली सुगंधी द्रव्यं सुमारे शंभर लित्रा. आपल्या प्रसंगातसुद्धा होडी काठापासून किती लांब होती? सुमारे दोनशे हात, म्हणजे आजच्या मापाने ९० मीटरच्या आसपास. हे वाक्य आकड्याच्या वाक्याच्या अगदी थोडं आधी येतं. तिथे ‘सुमारे’ आहे आणि माशांच्या संख्येला तो नाही. ज्याच्या हाताला ‘सुमारे’ लिहायची सवय आहे त्याने तो शब्द इथे गाळला आहे. अंतर कोणी मोजलं नव्हतं, मासे मोजले होते.

या आकड्याची कहाणी मात्र लवकरच माशांपासून दूर गेली.

पाचव्या शतकाच्या आरंभी बेथलेहेमात बसून संत जेरोम यहेज्केलाच्या पुस्तकावर भाष्य लिहीत होता. त्याने सांगितलं की निसर्गातल्या माशांवर लिहिणाऱ्यांच्या मते जगात माशांच्या १५३ जाती आहेत, आणि साक्षीला किलिकियाचा कवी ओपियन याचं नाव घेतलं. अर्थ सुंदर होता: प्रत्येक जातीचा एकेक मासा जाळ्यात, तशी प्रत्येक जातीजमातीची माणसं देवाच्या राज्यात. अडचण एवढीच की ओपियनचं मासेमारीवरचं महाकाव्य आज आपल्यापुढे आहे, आणि त्यात हा आकडा नाही. उलट आरंभीच तो सांगतो की समुद्रातल्या जाती अगणित आहेत, त्यांची नावं खात्रीने कोण सांगणार. शिवाय ओपियन दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला, सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातला; योहानाचं शुभवर्तमान त्याच्या बरंच आधीचं. योहानाच्या काळाला जवळचा असलेला प्लिनी माशांच्या ७४ जाती सांगतो आणि कवचवाल्यांच्या ३० वेगळ्या. म्हणजे १५३ जाती हे त्या काळाचं सर्वमान्य ज्ञान होतं असं म्हणायला आधार राहत नाही.

जेरोमच्याच काळातल्या संत ऑगस्टीनने वेगळी वाट धरली. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा हा बिशप गणिताच्या अंगाने गेला. १ पासून १७ पर्यंतचे आकडे एकात एक मिळवत गेलं तर बेरीज येते १५३. मग १७ म्हणजे काय? दहा आज्ञा आणि पवित्र आत्म्याची सात दानं. नियमशास्त्र आणि कृपा एकत्र आली की पूर्णता. कागदावर एक ठिपका, खाली दोन, खाली तीन अशा सतरा ओळी मांडल्या तर १५३ ठिपक्यांचा नेटका त्रिकोण तयार होतो. रांगोळीचे ठिपके मांडणाऱ्या हाताला ही गंमत चटकन कळेल. ग्रीक गणितात अशा त्रिकोणी संख्यांना मान होता, त्यामुळे ऑगस्टीनचा हा विचार हवेतला नव्हता.

त्याच सुमारास अलेक्झांड्रियाच्या सिरिलने सरळ फोड केली: शंभर म्हणजे परराष्ट्रीय, पन्नास म्हणजे इस्राएलातले उरलेले, तीन म्हणजे त्रैक्य. त्याआधी इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रिअसने प्रार्थनेवर पुस्तक लिहिलं आणि त्याचे बरोबर १५३ परिच्छेद केले. १५०९ साली जॉन कोलेट याने लंडनमध्ये सेंट पॉल्स शाळा काढली तेव्हा तिथे १५३ मुलांची सोय केली. त्या शाळेतल्या शिष्यवृत्तीधारक मुलांची खूण म्हणून चांदीचा मासा रूढ झाला. गालीलच्या काठावर ओढलेल्या जाळ्याचा एक धागा असा इंग्लंडातल्या शाळकरी मुलांपर्यंत पोचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गणितवाल्यांना या आकड्यात आणखी पुष्कळ सापडतं. १, ५ आणि ३ यांचे घन करून मिळवा: १ अधिक १२५ अधिक २७, पुन्हा १५३. आर्किमिडीजने वर्तुळ मोजताना तीनच्या वर्गमुळासाठी जे अपूर्णांक वापरले त्यातला एक २६५ भागिले १५३ असा आहे. हे सगळं खरं आहे, आणि कोणत्याही मध्यम आकाराच्या संख्येजवळ थोडा वेळ बसलं तर तिच्यात काही ना काही सापडतंच.

अक्षरांच्या हिशेबाची गोष्ट जास्त गंभीर आहे. हिब्रू आणि ग्रीक भाषांत अक्षरंच अंक म्हणून वापरत, त्यामुळे प्रत्येक शब्दाला आपोआप एक बेरीज असे. आपल्याकडे कटपयादी पद्धत आहे, तिच्याशी हे ताडून पाहता येईल. महाभारताचं जुनं नाव ‘जय’. ज म्हणजे ८, य म्हणजे १, उजवीकडून वाचलं की १८, आणि महाभारताची पर्वं अठरा. यहुदी लोक शब्दांच्या अशा बेरजांतून अर्थ काढत, हे ठाऊक असल्यामुळे अभ्यासकांनी १५३ बेरीज येणारे शब्द शोधले.

त्यातला सर्वांत विचार करण्यासारखा शोध जॉन इमर्टन या ब्रिटिश अभ्यासकाने १९५८ साली मांडला. यहेज्केलाच्या ४७व्या अध्यायात एक दर्शन आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाण्याचा झरा फुटतो, वाढत वाढत नदी होतो आणि मृत समुद्राला मिळून त्याचं खारं पाणी गोडं करतो. मग एन-गेदीपासून एन-एग्लाइमापर्यंत कोळी उभे राहतात, जाळी वाळत घालतात, आणि मासे नाना जातीचे मिळतात. ‘एन’ म्हणजे झरा. तो शब्द सोडला तर हिब्रूत ‘गेदी’ची बेरीज १७ आणि ‘एग्लाइम’ची १५३. सतरा आणि एकशे त्रेपन्न, ऑगस्टीनच्या त्रिकोणातली तीच जोडी! शिवाय जिवंत पाण्याच्या नद्यांची प्रतिमा योहानाच्या सातव्या अध्यायात आलेली आहे. इथे मी थांबून दोनदा विचार करतो. संदर्भ जुळतो, मासे आहेत, जाळी आहेत, कोळी आहेत.

पण शोध इथे संपत नाही, आणि तीच अडचण आहे. हिब्रूत ‘देवाचे पुत्र’ या शब्दांची बेरीजही १५३ येते. ग्रीकमध्ये मग्दालिया मरियेच्या उपनावाला उपपद जोडलं की पुन्हा १५३. ग्रीक ‘इख्थ्युएस’ म्हणजे मासे, त्याची बेरीज १२२४, म्हणजे १५३ ची आठपट. आणि ‘तो दिक्त्युओन’ म्हणजे जाळं, त्याचीही १२२४. प्रत्येक कुलुपाला लागणारी किल्ली सापडली की ती नेमकी कोणत्या कुलुपाची, हा प्रश्न उभा राहतो. मी आपल्या कटपयादीत करून पाहिलं. ग म्हणजे ३, ण म्हणजे ५, क म्हणजे १. उजवीकडून वाचा, १५३. शब्द होतो ‘गणक’, म्हणजे मोजणारा! याहून चपखल शब्द कोणता मिळणार? पण योहानाला आपली वर्णमाला ठाऊक नव्हती. हा निव्वळ योगायोग आहे, आणि तरीही अंगावर काटा आला. इतर शोध लागताना त्या त्या विद्वानालाही असंच झालं असणार. अंगावर आलेला काटा खरा असतो, पण तेवढ्याने लेखकाच्या मनातलं कळत नाही.

लेखकाच्या मनातलं कळायला त्याची रीत पाहावी. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, ६६६ हा आकडा येतो तेव्हा तिथे वाचकाला उघडपणे सांगितलं आहे की ज्याला समज आहे त्याने हा हिशेब करावा. योहानाच्या शुभवर्तमानाची पद्धत तर आणखी उघड. येशू मंदिराविषयी गूढ बोलला की योहान लगेच खुलासा करतो की तो आपल्या देहाविषयी बोलत होता. जिवंत पाण्याविषयी बोलला की सांगतो, हे आत्म्याविषयी होतं. हिब्रू शब्द आला की त्याचा ग्रीक अर्थ देतो. वाचकाचं बोट सोडायचं नाही, असा हा लेखक आहे. आणि १५३ जवळ तो एक अक्षरही बोलत नाही. आकडा गूढ असता तर त्याने इथेच हात आखडता घेतला नसता, असं मला वाटतं.

मग आकडा आला कुठून? त्यासाठी पुन्हा तळ्याकाठी जायला हवं.

गालीलचा समुद्र म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. लांबी सुमारे २१ किलोमीटर, सर्वांत रुंद जागी १३ च्या आसपास, आणि पाण्याची पातळी भूमध्य समुद्राहून दोनशे मीटरहून जास्त खाली. योहान त्याला तिबिर्याचा समुद्र म्हणतो, कारण हेरोद अंतिपाने त्याच्या पश्चिम काठावर सम्राट तिबेरिअसच्या नावाने शहर वसवलं होतं. पेत्राच्या काळातली होडी कशी होती हेही आज पाहता येतं. १९८६ साली अवर्षणामुळे तळं आटलं तेव्हा गिनोसार किबुत्झमधल्या दोन मच्छीमार भावांना चिखलात एका जुन्या होडीचा आकार दिसला. ती निघाली पहिल्या शतकाच्या आसपासची, सव्वाआठ मीटर लांब, २.३ मीटर रुंद. तिच्यात दहाबारा प्रकारचं लाकूड आहे. जिथे कुजलं तिथे मिळेल त्या लाकडाची ठिगळं लावत कोणीतरी ती वर्षानुवर्षं वापरली. त्या ठिगळांत मला गालीलच्या कोळ्याची परिस्थिती दिसते. एकेक फळी जपणारा माणूस रात्रभराच्या मेहनतीनंतर हाती आलेला मासा कसा मोजणार नाही?

या तळ्यातल्या मासेमारीवर मेंडेल नुन यांच्याइतकं बारकाईने क्वचितच कोणी लिहिलं असेल. ते स्वतः एन गेव्ह किबुत्झमधले मच्छीमार. त्यांच्या लिखाणामुळे शुभवर्तमानातले कितीतरी बारकावे उलगडले. रात्रीच का मासे धरत? जाळी अळशीच्या सुताची असत आणि उजेडात माशांना दिसत. जाळी सकाळी धुवायची का? न धुता, न वाळवता ठेवली तर सूत कुजायचं. तळ्यात धंद्याचे मासे मुख्यतः तीन प्रकारचे. एक चिमुकली सार्डिन, जी ढिगांनी मिळते आणि खारवली जाते. तळ्याकाठच्या मग्दालाचं ग्रीक नावच तारिखेया, म्हणजे खारवलेल्या माशांचं गाव. दुसरा मिशावाला बार्बेल, तिथे बिनी म्हणतात. तिसरा मुश्त, म्हणजे तिलापियाच्या कुळातला चपटा, रुंद, पाठीवर उंच पर असलेला मासा. आज पर्यटकांच्या ताटात तो ‘सेंट पीटर’चा मासा म्हणून येतो. तिलापियाचं कूळ उष्ण प्रदेशातलं. त्यामुळे हिवाळ्यात तळ्याचं पाणी गार झालं की मुश्तचे थवे वायव्य काठावर ताबघा या जागी येतात, कारण तिथे ऊन झरे तळ्याला मिळतात. परंपरेने या न्याहारीची जागा ताबघालाच दाखवतात. पाण्यालगत काळ्या दगडाचं छोटं फ्रान्सिस्कन चर्च आहे, आत एक मोठा खडक.

थवा कुठे आहे हे होडीतल्यापेक्षा काठावरच्याला काही वेळा चांगलं दिसतं, कारण पाण्याच्या पृष्ठभागावरचा बदल लांबून आणि थोड्या उंचीवरून कळतो. ‘उजव्या अंगाला टाका’ या हाकेप्रमाणे ते सात जण मुकाट्याने का वागले, याचं एक साधं कारण त्यात असू शकेल. काठावरून कोणी ओरडून सांगणं ही त्यांच्या धंद्यात विचित्र गोष्ट नव्हती. हे सांगून मला चमत्कार कमी करायचा नाही. योहानाला जे घडलं ते चमत्कारच वाटतं, आणि गोष्ट त्याची आहे.

आता जाळं काठावर आल्यावर काय होतं? मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे पर आणि खवले असलेलाच मासा खायचा. या तळ्यात खवले नसलेला मोठा मांगूरवर्गीय मासाही आहे, तो त्यांना वर्ज्य. म्हणून जाळं ओढलं की बसून निवड करावी लागे. चांगले भांड्यात, टाकाऊ बाहेर. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात येशूने जाळ्याचा जो दृष्टांत दिला तो याच कामावरून. प्रत्येक मासा हातातून जायचाच, आणि हातातून जाणारी वस्तू मोजली जाते. शिवाय वाटणी. लूक सांगतो की पेत्र आणि जब्दीचे मुलगे भागीदार होते. मार्क सांगतो की जब्दीकडे मजूर होते. म्हणजे होडीचा, जाळ्याचा, हातांचा असा वेगवेगळा हिशेब आलाच. कोकणच्या किनाऱ्यावर रापण ओढलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. जाळं वाळूवर येतं, आरडाओरडा शमतो, आणि मग दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा पडेपर्यंत कोणी जागचं हलत नाही. घामाच्या कामात मोजणी शेवटी येतेच.

आणि या सगळ्यात कळीचा शब्द ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो: ‘मोठ्या’. योहान नुसते मासे म्हणत नाही, मोठे मासे म्हणतो, आणि त्याला लागूनच आकडा येतो. सार्डिन असत्या तर आकडा आलाच नसता; टोपल्या किती भरल्या ते आलं असतं. मोठे होते म्हणून मोजले. प्रत्येक मासा किलोभराचा धरला तरी दीडशे किलोंचं जाळं झालं. सात जणांना जे होडीत ओढवलं नव्हतं ते पेत्राने काठावर ओढलं, ही गोष्ट सांगताना ‘किती होते’ हे आपसूक तोंडून येतं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पुरात पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं हे म्हातारी माणसं बोट ठेवून दाखवतात, त्या जातीचा हा आकडा आहे.

रेमंड ब्राउन हे कॅथलिक धर्मगुरू आणि विसाव्या शतकातले योहानाचे मोठे भाष्यकार. त्यांच्या दोन खंडांच्या भाष्याचा दुसरा खंड १९७० साली आला. प्रतीकांचे सगळे अर्थ तपासून तेही याच बाजूला झुकले की हा आकडा प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष ठसवण्यासाठी असावा. अध्यायाच्या शेवटी हे सगळं लाडक्या शिष्याच्या साक्षीवर उभं आहे असं सांगितलेलं आहे, आणि तो शिष्य त्या होडीत होता. मला हे पटतं. फक्त मी त्यात भर घालीन की साक्षीदार तर होताच, पण तो कोळ्यांच्या मेळाव्यातला साक्षीदार होता.

म्हणजे या प्रसंगात प्रतीक नाहीच का? आहे. आकड्याच्या लगेच पुढे. जाळं फाटलं नाही.

लूकच्या पाचव्या अध्यायात याच तळ्यावर असाच एक प्रसंग आहे, येशू आणि पेत्राच्या ओळखीच्या सुरुवातीचा. तिथेही रात्र रिकामी, तिथेही जाळं तुडुंब. पण तिथे जाळी फाटू लागतात आणि होड्या बुडायच्या बेताला येतात. इथे फाटत नाही. योहानाने इथे वापरलेलं क्रियापद आहे ‘स्खिझो’, म्हणजे फाडणं. हेच क्रियापद त्याने दोन अध्याय आधी वापरलं आहे. क्रूसाखाली शिपाई येशूचे कपडे वाटून घेतात; अंगरखा मात्र बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत विणलेला, म्हणून तो न फाडता चिठ्ठ्या टाकायचं ठरवतात. आणि त्याच धातूचं नाम ‘स्खिस्मा’ त्याने मधल्या अध्यायांत तीनदा लोकांमधल्या फुटीसाठी वापरलं आहे: येशूवरून लोकांत फूट पडली, परुश्यांत फूट पडली, यहुद्यांत पुन्हा फूट पडली. लोक फाटले, अंगरखा फाटला नाही, जाळं फाटलं नाही. हा धागा लेखकाने स्वतःच्या शब्दांत विणलेला आहे, तो पाहायला अक्षरांच्या बेरजा कराव्या लागत नाहीत. पेत्र जाळं ‘ओढतो’ ते क्रियापदही तसंच. बाराव्या अध्यायात येशू सर्वांना आपल्याकडे ओढून घेईन असं सांगतो तिथे तेच आहे. १५३ चं काम या वाक्यात मला एवढंच दिसतं की न फाटलेल्या जाळ्याचं वजन वाचकाला कळावं. आकडा खरा असला तरच न फाटण्याला अर्थ येतो.

कोळशाचा विस्तवही असाच. ग्रीकमधला ‘अन्थ्राकिआ’ हा शब्द अख्ख्या नव्या करारात दोनदाच येतो, दोन्ही वेळा योहानात. पहिल्यांदा प्रमुख याजकाच्या अंगणात, थंडीच्या रात्री, जिथे शेकत उभं राहून पेत्राने आपण येशूचा शिष्य नाही असं सांगितलं. दुसऱ्यांदा इथे, तळ्याकाठी. न्याहारी झाल्यावर येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम आहे का. आणि पेत्राने नाकारलंही तीनदाच होतं. ओला, दमलेला पेत्र त्या धुरापाशी आला तेव्हा त्याला काय आठवलं असेल ते योहान लिहीत नाही. फक्त शब्द तोच ठेवतो. आकड्यांच्या मागे धावताना हा विस्तव नजरेतून सुटला तर मोठं नुकसान होईल.

वसई-उत्तनच्या ख्रिस्ती कोळीवाड्यांत हा उतारा दर तीन वर्षांनी पास्काकाळातल्या तिसऱ्या रविवारी मराठीतून वाचला जातो, आणि शिवाय दरवर्षी पास्काच्या आठवड्यातल्या शुक्रवारीही. ऐकणाऱ्यांत अनेकांची होडी बंदरात उभी असते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. या उताऱ्याला मराठी घर आहे, आणि त्या घरात जाळं, होडी, रिकामी रात्र हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. १५३ मोठे मासे एका ओढीत, हे ऐकून तिथल्या माणसाच्या मनात पहिला विचार त्रिकोणी संख्येचा येत नसणार.

मूळ ग्रीक वाक्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. ‘मोजले’ असं क्रियापद तिथे नाही. जाळं मोठ्या माशांनी भरलेलं, १५३ माशांनी, एवढंच. कोणी मोजले, कधी मोजले, याला जागाच दिलेली नाही. येशूने थोडे मासे आणायला सांगितलं आणि नंतर जेवायला बोलावलं, या दोहोंच्या मधल्या फटीत ते उरकलं आहे. विस्तवावर मासळी भाजते आहे, भाकर तयार आहे, रात्रभराची भूक आहे. पुढच्याच ओळीत योहान सांगतो की तू कोण आहेस, असं त्याला विचारायचं धाडस शिष्यांतल्या कोणालाही झालं नाही, कारण तो प्रभू आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते सात जण गप्प आहेत. त्यांच्या ओल्या हातांखाली वाळूवर मासे आहेत, आणि ते १५३ आहेत.